कुठले पिंपळे?

लग्नाआधी माझं आडनाव इतकं साधं होतं की ते मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. लग्न होऊन मी पिंपळे झाले. पुण्यात होतो तोवर त्याचाही काही त्रास नव्हता, उलट थोडी चैनच होती. पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव या भागांत तेव्हा टॉवरवर टॉवर उठत होते. आडनाव सांगितलं की समोरचा जरा सावरून बसायचा आणि विचारायचा, "म्हणजे तिथले मूळचे का?" मी गूढ हसून वेळ मारून न्यायची. नवरा मात्र लगेच खरं बोलून टाकायचा, "छे हो, आमचं पिंपळे वेगळं. लांब, गोदावरीकडचं. एसटीसुद्धा अर्ध्या वाटेवर सोडते."

नवऱ्याच्या कंपनीनं त्याला सिंगापूरला पाठवलं आणि आम्ही सेंगकांगमधे भाड्याचा फ्लॅट घेतला, तेव्हा या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग पहिल्यांदाच नीट वाचलं गेलं. आमच्याकडच्या कुणा पूर्वजानं ते पी, आय, एम, पी, एल, ई असं ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या काळात आजूबाजूला इंग्रजी येणारं दुसरं कुणी नसावं, म्हणून ते निभावलं. इथं सगळ्यांनाच इंग्रजी येत होतं. नवऱ्याला ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी अदबीनं विचारलं, "सर, तुमचं नाव कुणी चुकून असं टाइप केलंय का?"

नवऱ्याची कातडी जाड आहे. पण आमची लेक प्राथमिक शाळेत होती आणि त्या वयात कातडी फार पातळ असते. एका दुपारी तिनं शाळेतून येऊन दप्तर सोफ्यावर टाकलं आणि जाहीर केलं, "आय वॉन्ट टु चेंज माय सरनेम."

"का गं?"

"एव्हरीबडी सेज पिंपल, पिंपल. दे टच देअर फेस. नॉट फनी, लाह." हे "लाह"चं शेपूट तिला इथल्या शाळेनं लावलं होतं.

मी तिला समजावलं की पिंपळ हे झाड असतं, केवढं मोठं असतं, त्याची पानं कशी वाऱ्याशिवायही सळसळतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दे डोन्ट नो ना?"

त्याचं उत्तर शेजारच्या चुआ आंटींकडे होतं. त्या सत्तरीच्या, एकट्या राहायच्या आणि आमचं दार उघडं असलं की आत डोकावून लेकीच्या हातावर काहीतरी खाऊ ठेवून जायच्या. लेकीचा चेहरा बघून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाल्या, "पिंपल तर पिंपल. माझ्या आडनावाचं तर अख्खं मेट्रो स्टेशन आहे. चोआ चू कांग! चोआ म्हणजे आम्ही चुआ लोक, चू म्हणजे घर, कांग म्हणजे नदीचा काठ."

लेकीचे डोळे मोठे झाले. "यू स्टेड देअर?"

"कधीच नाही," आंटी हसून म्हणाल्या. "तिथं आमची कबरस्तानं आहेत. माझे आईवडील तिथं आहेत. मी वर्षातून एकदा जाते, झाडून-पुसून येते. माझ्या नावाच्या गावात माझी मेलेली माणसंच राहतात."

लेकीला यातून काय दिलासा मिळाला ते मला कळलं नाही, पण त्या दिवशी ती शांत जेवली.

पुढं काही आठवड्यांनी तिला ताप आला. मी तिला जवळच्या क्लिनिकमधे घेऊन बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी मोठ्यानं पुकारा केला, "पिंपल! मिस पिंपल!" लेकीनं तापातही माझ्या मांडीत तोंड लपवलं. मी उठले, आणि समोरच्या रांगेतली एक चष्मेवाली तरुण मुलगीही उठली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. काउंटरवरच्या बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाह! टू पिंपल, वन डे!"

त्या मुलीनंच आधी विचारलं, "मराठी?"

ती औरंगाबादची. पाणी शुद्ध करण्यावर इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती आणि आमच्या शेजारच्याच ब्लॉकमधे राहत होती. आई नव्हती. वडील शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ते तेव्हा तिच्याकडे राहायला आले होते. माझे सासरेही त्याच सुमारास पुण्याहून येऊन आमच्याकडे होते. सासूबाई गेल्यापासून ते दरवर्षी काही महिने यायचे आणि सकाळचा पेपर नाही म्हणून उसासे टाकायचे. मी म्हटलं, चला, दोन म्हाताऱ्यांची सोय झाली.

दोनच दिवसांत मी डबा घेऊन तिच्या घरी गेले. हॉलमधे बुद्धाची मूर्ती होती आणि निळ्या कोटातला तो फोटो, जो महाराष्ट्रातल्या कुणालाही ओळखायला वेळ लागत नाही. म्हणजे मला पहिल्या भेटीतच कळलं की हे पिंपळे आमच्यातले पिंपळे नव्हेत. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना आपण कशाला सांगायचं? त्यांना काय फरक पडतो?"

फरक पडतो की नाही हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हतं, म्हणून तर आम्ही सांगितलं नाही.

सासऱ्यांना मात्र परमानंद झाला होता. परमुलखात आपल्या आडनावाचा माणूस! ते बँकेतून निवृत्त झालेले, पण मनानं अजून काउंटरवरच बसलेले होते. येणाऱ्या प्रत्येकाची पूर्ण माहिती घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मुख्याध्यापक काका त्यांच्या अगदी उलट. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. एक भुवई जरा वर गेली की समजायचं, गृहस्थांना हसू येतंय.

दोघं रोज सकाळी ब्लॉकखाली भेटायचे.

"काय पिंपळे?"

"बोला पिंपळे."

एवढ्यावर त्यांची ओळख पक्की झाली. मग चालायला जायचे. वाटेत एका चिनी देवळाच्या आवारात मोठा पिंपळ होता. काका त्याच्या पारावर आरामात बसायचे. सासरे मात्र उभे. अमावस्येला तर ते त्या रस्त्यानंच जायचे नाहीत.

"का हो?" काकांनी विचारलं.

"मुंजा असतो पिंपळावर."

"चिनी मुंजा?" काकांची भुवई वर गेली. "त्याला तुमची भाषा कळायची नाही. बसा."

सासरे बसले नाहीत. पण घरी येऊन मला म्हणाले, "माणूस विनोदी आहे. आपल्यातलाच दिसतो."

मी भाजी चिरत राहिले.

सासऱ्यांच्या बोलण्याचा विषय बहुतेक एकच असायचा, आमचं पिंपळे. त्यांचे आजोबा तिथून निघाले, पण आजोळही तिथलंच असल्यानं सासऱ्यांचं बालपणीच्या सुट्ट्यांमधलं सगळं सुख त्याच गावात राहिलं होतं. विशेषतः गावातली दगडी विहीर. तिच्या पायऱ्या कशा झिजलेल्या होत्या, पाणी कसं गोड आणि गार, कोपऱ्यातल्या कोनाड्यात कासव कसं यायचं, पोरं वरून उड्या कशा मारायची. आम्हाला ते पाठ होतं. काकांनाही झालं असणार. ते शांतपणे ऐकायचे, आणि कधीकधी विचारायचे, "कासव रोज यायचं?" सासरे खुलून पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

एका रविवारी मी त्या दोघांना आणि लेकीला घेऊन एलआरटीत बसले. सेंगकांगची ही छोटी गाडी स्टेशनातून निघून वसाहतीभोवती गोल चक्कर मारते आणि परत त्याच स्टेशनात येते. लेकीला ती फार आवडायची, सासऱ्यांनाही. कुठं उतरायचं याची चिंता नाही, खिडकीतून लोकांचे वाळत घातलेले कपडे बघायचे. मी आणि लेक एका बाजूला, ते दोघं समोर.

सासऱ्यांनी त्या दिवशी शेवटी चौकशीला हात घातला. "पिंपळे, तुमचं पिंपळे नक्की कोणतं हो? आपल्याकडे पिंपळे पुष्कळ."

"गोदावरीकडचं," काका म्हणाले.

"अहो, आमचंही तेच! ओढा आहे बघा गावाला."

"आहे."

"पलीकडे चिंचा."

"चिंचा होत्या. वडील सांगायचे."

सासरे सीटवरून निम्मे उठलेच. "बघ, सूनबाई! मी म्हणत नव्हतो? आपण एका गावचे! पिंपळे, मग आपण भाऊबंदच निघालो की. तुमची आळी कोणती? वरची की देवळाची?"

मी खिडकीबाहेर पाहायला लागले. लेक काचेवर बोटानं चित्र काढत होती.

काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "आळी नाही. ओढ्यापलीकडे. चिंचांच्या खाली."

सासऱ्यांना अर्थ लागायला एक स्टेशन जावं लागलं. दारं उघडली, एक बाई बाळाची गाडी घेऊन चढली, दारं मिटली. मग मला त्यांचा चेहरा दिसला. राग नव्हता त्यात. दुसऱ्याच्या घरात काहीतरी मौल्यवान हातून पडल्यावर माणूस जसा दिसतो, तसे ते दिसत होते.

काकाच पुढं बोलले. "माझे आजोबा गाव सोडून औरंगाबादेत आले, तेव्हा वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, कुठले? आजोबा म्हणाले, पिंपळ्याचे. मास्तर म्हणाले, मग पिंपळेच लिहितो. आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी दुसरं काहीही सांगितलं असतं. त्या गावानं त्यांना कधी आत घेतलं नाही, आणि नाव मात्र जन्मभर बरोबर पाठवलं."

गाडी आमच्या स्टेशनात आली. आम्ही उतरायला हवं होतं, पण दोघांतलं कुणी उठलं नाही, म्हणून मीही उठले नाही. गाडी पुन्हा सुरू झाली आणि आम्ही आणखी एक अख्खी चक्कर गप्प बसून मारली. लेकीला वाटलं, आज बक्षीस म्हणून मिळाली.

घरी आल्यावर सासरे बराच वेळ गॅलरीत उभे होते. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, मी त्यांना विहिरीचं किती वेळा सांगितलं असेल गं?"

"रोजच सांगत होतात, बाबा."

"पोहायचंही?"

"पोहायचं, कासवाचं, सगळंच."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि तो माणूस मला विचारत होता, कासव रोज यायचं का म्हणून!"

दुसऱ्या दिवशी ते खाली गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरा गुडघा दुखत होता. खालून काकांची चप्पल वाजत यायची, थोडी थांबायची आणि निघून जायची. नवरा म्हणाला, "मी बोलतो बाबांशी." मी म्हटलं, "तू काही बोलू नकोस, तू बोललास की ते भाषण होतं."

माझ्याकडे त्यांच्या घरचा स्टीलचा डबा होता. काकांच्या लेकीनं त्यातून वांग्याचं भरीत पाठवलं होतं. मी त्यात साटोऱ्या भरल्या आणि डबा सासऱ्यांच्या हातात दिला. "बाबा, हा डबा परत करायचाय. मला आज वेळ नाही. तुम्हीच जा, आणि नातीला बरोबर न्या."

"माझा गुडघा..."

"लिफ्ट आहे, बाबा. दोन्हीकडे."

तिथं काय झालं ते मला लेकीनं थोडं आणि सासऱ्यांनी बरंच नंतर सांगितलं. काकांनी दार उघडलं आणि डबा घेतला. सासऱ्यांनी जाताना वाटेत वाक्य तयार केलं होतं, ते विसरलं. शेवटी एवढंच म्हणाले, "पिंपळे, मला माफ करा."

"कशाबद्दल?" काकांनी विचारलं. "विहिरीबद्दल, की तीच गोष्ट रोज सांगितल्याबद्दल?"

सासरे गोंधळून म्हणाले, "दोन्ही."

"दुसऱ्याबद्दल आत्ताच केलं माफ. फार छळलंत." मग काकांनी डबा बाजूला ठेवला. "पहिल्याबद्दल असं दारात उभ्याउभ्या नाही होत. त्यासाठी बसावं लागेल. माझ्या आजीला त्या विहिरीवर कुणी घागर ओतून देईल म्हणून किती वेळ उभं राहावं लागायचं, ते मी तुम्हाला सांगेन. तुम्ही मला कासवाचं सांगितलंत तसंच, रोज. चालेल?"

"चालेल," सासरे म्हणाले.

आणि खरोखरच तसं झालं. दोघं पुन्हा चालायला लागले, पण आता काका बोलायचे आणि आमचे सासरे, ज्यांनी आयुष्यात कुणाला वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं, ते ऐकायचे. कधीकधी घरी येऊन ते जेवायचे नाहीत. एकदा मला म्हणाले, "अगं, आम्ही पोरं तिथं उड्या मारत होतो तेव्हा त्या कडेला उभ्या असायच्या बायका. मला दिसायच्या. मला वाटायचं, आम्हाला बघायला उभ्या आहेत."

त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं.

त्याच दिवसांत लेकीच्या शाळेत वर्गातल्या प्रत्येकानं आपल्या आडनावाविषयी दोन मिनिटं बोलायचं ठरलं. आमच्या घरात दोन सल्लागार लगेच हजर झाले. सासऱ्यांचं म्हणणं, पिंपळावर मुंजा असतो, हे सांग, पोरं घाबरतील आणि चिडवायची बंद होतील. काकांचं म्हणणं, बुद्धाला पिंपळाखालीच ज्ञान झालं, हे सांग, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या आज्या त्याच झाडाला हात जोडतात.

"तुमच्या पिंपळावर भूत, आमच्या पिंपळाखाली बुद्ध," काका सासऱ्यांना म्हणाले. "झाड तेच आहे हो. बसणारे वेगळे."

"मग दोघं एकाच वेळी कसे राहायचे?" लेकीनं विचारलं. हा प्रश्न तिनं मराठीत विचारला, म्हणजे तिला खरंच उत्तर हवं होतं.

सासरे म्हणाले, "मुंजा वर, बुद्ध खाली. भांडण नाही."

काका म्हणाले, "माझी हरकत नाही. बुद्धांचीही नसावी."

लेकीनं वर्गात दोन्ही सांगितलं. वर चुआ आंटींच्या स्टेशनचंही सांगितलं, कारण वर्गात आणखी दोघं चुआ होते आणि त्यांना ते माहीतच नव्हतं. टीचरना फार आवडलं. पिंपल म्हणणं बंद झालं. मग मुलं तिला ट्री म्हणायला लागली, पण त्यावर तिची तक्रार नव्हती. तेवढ्यात वर्गात एक मुलगा आला ज्याचं आडनाव आमच्याहून बिकट होतं, आणि सगळे तिकडे वळले. मी तिला बजावलं, त्याला चिडवायचं नाही. ती म्हणाली, "ऑफकोर्स नॉट, लाह. आय टोल्ड हिम, आस्क युवर ग्रँडफादर."

काका त्याच वर्षी औरंगाबादला परतले, पाठोपाठ सासरे पुण्याला. आम्हाला वाटलं, आता फोनवर होईल तेवढीच दोस्ती. पण जानेवारीत एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला. मागं गाडीचा आवाज होता.

"आम्ही पिंपळ्याला निघालोय," ते ओरडले.

"आम्ही म्हणजे कोण?"

"पिंपळे आणि पिंपळे."

संध्याकाळी पुन्हा फोन आला. या वेळी स्पीकरवर दोघंही होते. विहीर सापडली होती. तिच्यावर लोखंडी जाळी बसवलेली, आत झुडपं माजलेली, तळाला ओलसुद्धा नव्हती. सासरे जाळीला धरून बराच वेळ उभे राहिले म्हणे.

"मी त्यांना म्हटलं," काका सांगत होते, "वाईट वाटून घेऊ नका. आता सगळ्यांना सारखंच. कुणालाच नाही."

मग ते ओढा ओलांडून पलीकडे गेले. चिंचेचं एक झाड अजून उभं होतं. तिथं आता पक्की घरं होती, दारात मोटारसायकली. काकांच्या आजोबांचं घर कुठलं, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. एका घरानं त्यांना बोलावून चहा दिला. सासऱ्यांनी दोन कप घेतले. "चहा चांगला होता," ते मला म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले. पण ज्या घराकडे ते लहानपणी ओढा ओलांडून बघूही शकले नसते, तिथं ते बराच वेळ बसून आले होते, हे आवाजावरून कळत होतं.

"आणि गावातले पिंपळे कुणी भेटले का?" नवऱ्यानं विचारलं.

दोघंही हसायला लागले. फोनवर काही वेळ नुसतं हसणंच ऐकू येत होतं. शेवटी काका म्हणाले, "चावडीपाशी आम्हाला सरपंचांनी विचारलं, आपण कोण? हे म्हणाले, आम्ही पिंपळे. तर ते म्हणाले, गाव झालं, आडनाव सांगा. आम्ही म्हटलं, आडनावच पिंपळे. त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिलं. गावात एकही पिंपळे नाही. कधी नव्हताच. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देणार? जे निघून गेले, तेच पिंपळे झाले. मग ते वेशीच्या आतून निघोत, नाहीतर बाहेरून."

"मग सरपंच काय म्हणाले?"

"म्हणाले, चेहरेपट्टी मिळते, भाऊ-भाऊ का?"

"मी हो म्हटलं," सासरे मधेच ओरडले.

"मी म्हटलं," काका शांतपणे म्हणाले, "विचार चालू आहे."